अंतिम सामन्याचे मैदान कोणते?
(वरच्या वर्गांच्या शिक्षकांसाठी : नागरिकशास्त्र व अंकगणित यांचा जोडपाठ)

आयर्लंड देशात हर्लिंग नावाचा एक फार जुना मैदानी खेळ आहे. पंधरा-पंधरा गड्यांचे दोन संघ, प्रत्येकाच्या हाती अ‍ॅश नावाच्या चिवट लाकडाची, टोकाशी पसरट व किंचित वाकलेली काठी आणि कातडी मढविलेला एक लहानसा चेंडू, एवढे त्याचे साहित्य. गोलखांबांमधील आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर तीन गुण, दांडीवरून गेला तर एक. ह्या काठीस आयरिश भाषेत ज्या नावाने ओळखतात त्याचा उच्चार ‘कमॉन’ असा काहीसा होतो व त्याच्या मुळाशी ‘वाकडे’ हा अर्थ आहे. आपल्या ‘कमान’ शब्दाशी त्याचे साम्य केवळ योगायोगाचे असले, तरी मुलांस नाव ध्यानी ठेवावयास ते उपयोगी पडेल. सन २०१८ मध्ये युनेस्कोने ह्या खेळाची गणना मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली.

ह्या खेळाची व्यवस्था पाहणारी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संस्था १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी परगण्यातील थर्लस ह्या गावी स्थापन झाली. तिचे खेळाडू वेतन घेत नाहीत. तिचा पाया म्हणजे गावोगावचे क्लब, आणि क्लबची हद्द बहुधा ‘पॅरिश’ची, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील पंचक्रोशीची, असते. ज्या पंचक्रोशीत मूल वाढले तिच्याच क्लबातून ते खेळते. बाप ज्या रंगाचा सदरा घालून खेळला त्याच रंगाचा मुलगा घालतो. परगण्यातील क्लबांची स्पर्धा दरवर्षी होते, परंतु लहान क्लबास तिच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचण्याचा योग एका पिढीत एखादे वेळीच येतो. त्या दिवशी गावात वृद्धांपासून कडेवरच्या मुलांपर्यंत घरी कोणी राहात नाही. म्हणून सामना कोठे व्हावयाचा हा प्रश्न वरवर किरकोळ दिसला तरी तसा नाही. हरलेल्या गावास हार सोसते. मैदानच आपल्याविरुद्ध होते ही समजूत मात्र तेथे वर्षानुवर्षे घर करून राहते.

मैदान ठरविण्याचे काम परगण्याच्या मंडळाकडे असते. कोणत्याही मुलास विचारले तर तो म्हणेल, ‘दोन्ही गावांच्या मधोमध खेळवा.’ उत्तर सरळ आहे. पण ते गणिताने तपासून पाहिल्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळते.

समजा, अ आणि ब ही दोन गावे एकाच सरळ रस्त्यावर २४ किलोमीटर अंतरावर आहेत व प्रत्येक गावाहून ४०० माणसे सामना पाहावयास निघाली आहेत. सामना बरोबर मध्यावर झाला तर ८०० माणसे प्रत्येकी १२ किलोमीटर, म्हणजे एकूण ९,६०० किलोमीटर चालतील. तोच अ गावी झाला तर ब गावची ४०० माणसे प्रत्येकी २४ किलोमीटर येतील; बेरीज पुन्हा ९,६००. मैदान रस्त्यावर कोठेही सरकविले तरी बेरीज बदलत नाही. बदलते ती केवळ वाटणी. आता अ गाव मोठे असून तेथून ६०० माणसे व ब गावाहून २०० माणसे निघतात असे धरावे. मध्यावर सामना झाला तर बेरीज ९,६०० च राहते. अ गावी झाला तर ती ४,८०० वर उतरते आणि ब गावी झाला तर १४,४०० वर चढते. अर्थात् केवळ एकूण श्रम वाचवावयाचे असे ठरविले, तर मोठ्या गावास प्रत्येक वेळी आपलेच अंगण मिळेल व लहान गाव प्रत्येक वेळी प्रवास करील. हिशेब बिनचूक, आणि तरीही निर्णय अन्यायाचा! विद्यार्थ्यांनी बेरीज स्वतः मांडून येथपर्यंत यावे. शिक्षकांनी निष्कर्ष आधी सांगू नये.

बरे, मध्यावर मैदान असतेच असेही नाही. असले तर ते लहान असते. नियमाप्रमाणे मैदान १३० ते १४५ मीटर लांब व ८० ते ९० मीटर रुंद चालते. म्हणजे दोन मैदानांत रुंदीचाच दहा मीटरांचा फरक पडू शकतो. चपळ गड्यांच्या संघास रुंद मैदान मानवते, धिप्पाड गड्यांच्या संघास अरुंद. तेव्हा अंतर समान असले म्हणजे मैदान तटस्थ झाले, हे मत पुरते पटण्याजोगे नाही.

ह्या अडचणीतून सुटण्यासाठी पुष्कळ परगणे अंतिम सामना परगण्याच्या मुख्य मैदानावरच खेळवितात. तेथे बसावयास जागा मुबलक, हिरवळ उत्तम, आणि दरवर्षीची वहिवाट असल्याने वादास जागा थोडी. पण मुख्य मैदानही कोणत्या तरी गावातच असावयाचे. टिपररी परगण्याचे सेम्पल स्टेडियम थर्लस गावी आहे, आणि थर्लस सार्सफील्ड्स हा त्याच गावचा क्लब परगण्यातील सर्वांत यशस्वी क्लब होय. सन २०१४ ते २०१७ अशी लागोपाठ चार वर्षे त्याने परगण्याचे अजिंक्यपद मिळविले. प्रतिपक्षाचे गडी मोटारगाड्यांतून येतात तेव्हा हे गडी घरून जेवून निघालेले असतात. यात कोणाचा दोष नाही. मैदान त्यांच्यासाठी निवडलेले नसून सर्वांसाठी एकच ठरलेले असते, आणि इतर क्लबांनी ते स्पर्धेच्या आरंभीच मान्य केलेले असते. हा भेद बारीक आहे, परंतु मुलांस तो समजू शकतो. अंतिम फेरीतील दोन गावे ठाऊक झाल्यावर मैदान ठरविणे एक, आणि ती ठाऊक नसताना ठरविणे निराळे. पहिल्या रीतीत प्रत्येक सूचनेमागे कोणाचे तरी हित दिसू लागते. दुसरीत ते दिसत नाही, कारण कोणाचे हित कोठे आहे हेच अद्याप कोणास माहीत नसते.

गावच्या क्लबांचा जो प्रश्न तोच परगण्यांच्या संघांचाही. मन्स्टर प्रांताच्या हर्लिंग स्पर्धेत लिमरिक व क्लेअर हे शेजारचे परगणे २०२२, २०२३ व २०२४ अशी तीन वर्षे अंतिम सामन्यात समोरासमोर आले. पहिल्या व तिसऱ्या वर्षी सामना थर्लस येथे, म्हणजे तिसऱ्याच परगण्यात झाला. मधल्या वर्षी तो लिमरिकच्या स्वतःच्या मैदानावर झाला. त्या मधल्या सामन्यात लिमरिकने एक गोल व २३ गुण, तर क्लेअरने एक गोल व २२ गुण मिळविले. गोलाचे तीन धरून २६ विरुद्ध २५, एका गुणाचे अंतर. घरच्या प्रेक्षकांच्या आरोळ्यांनी तो एक गुण मिळाला काय? तसे म्हणावयास आधार नाही, कारण तटस्थ थर्लसमध्येही दोन्ही वेळा लिमरिकच विजयी झाले. पण आधार नसतानाही शंका उरते, आणि मैदान ठरविणाऱ्यांस ह्या शंकेचा विचार करावाच लागतो.

याच्या उलट बाजूचे उदाहरण सन २०१८ चे आहे. ते ह्याच संस्थेच्या गेलिक फुटबॉल खेळातील आहे. सोडतीत किल्डेअर परगण्याचे नाव आधी निघाल्याने मेयोविरुद्धचा सामना किल्डेअरच्या न्यूब्रिज येथील मैदानावर व्हावयाचा होता. मैदान लहान, प्रेक्षक फार, या कारणास्तव मध्यवर्ती समितीने तो डब्लिनच्या प्रचंड क्रोक पार्कवर नेण्याचे ठरविले. किल्डेअरने साफ नकार दिला. खेळू तर न्यूब्रिजलाच, असा आग्रह धरला. अखेर समितीस माघार घ्यावी लागली. ३० जून रोजी सामना न्यूब्रिजलाच झाला व किल्डेअरने तो २१ विरुद्ध १९ गुणांनी जिंकला. समितीची प्रेक्षकांविषयीची काळजी खोटी नव्हती. कित्येकांस तिकीट मिळाले नसेल. तथापि सोडत झाल्यावर तिचे फळ काढून घेणे लोकांस रुचले नाही, आणि त्यात त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही.

यावाचून आणखीही तडजोडी प्रचारात आहेत. दोन परगणे आपसांत करार करून एक वर्षी एकाच्या व पुढील खेपेस दुसऱ्याच्या मैदानावर खेळतात. दरवर्षी तेच दोघे भेटत असतील तर ही रीत चांगली. परंतु पिढीत एकदा अंतिम सामना खेळणाऱ्या गावास ‘पुढच्या खेपेस तुमच्याकडे’ हे आश्वासन काय कामाचे?

वर्गात हा पाठ घेताना तालुक्याचा नकाशा फळ्यावर टांगावा व केंद्रातील शाळांच्या कबड्डी अथवा खो-खो सामन्यांसाठी मैदान ठरविण्यास मुलांस सांगावे. वर्गाचे दोन गट करावेत. एका गटास अंतिम फेरीतील शाळा आधी सांगाव्यात; दुसऱ्या गटाने मैदान निवडून कागद गुरुजींच्या हाती दिल्यावर मगच चिठ्ठ्या उचलून शाळा ठरवाव्यात. प्रत्येक गटाने आपण काय मोजले, अंतर, माणसे, जागा की आणखी काही, हे आकड्यांसह लिहावे. दोन्ही कागद भिंतीवर शेजारी-शेजारी लावावेत, आणि चिठ्ठीत ज्या शाळेस लांबचा प्रवास पडला तिच्या बाजूने एका मुलास उभे करून, दोहोंपैकी कोणता निर्णय तो तक्रार न करता मान्य करील, हे त्यास विचारावे.