गोरखपूरहून काठमांडूला

माझे काका उत्तर प्रदेशात गोरखपूरला असतात. त्यांचे गलाईचे दुकान आहे. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करणे. आपल्या खानापूर, आटपाडी भागातली पुष्कळ माणसे या धंद्यासाठी देशभर गेली आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही काकांकडे गेलो आणि तिथून जीपने नेपाळला निघालो. घरून निघताना आजी म्हणाली होती, "परमुलखात चाललाय, पोरांस्नी जपा."

नकाशात भारत आणि नेपाळच्या मध्ये जाड रेघ आहे. मला वाटले, तिथे भिंत असणार, नाहीतर तारेचे कुंपण तरी. गोरखपूरपासून सुमारे १०० किलोमीटरवर सोनौली हे सीमेवरचे गाव आले. भिंत कुठेच नव्हती! एक मोठी कमान होती. बाजाराच्या दिवशी असतात तशी माणसे पिशव्या घेऊन, सायकली घेऊन इकडून तिकडे जात होती. १९५० साली दोन्ही देशांनी मैत्रीचा करार केला. त्यामुळे आपल्याला तिथे जायला व्हिसा लागत नाही. मोठ्या माणसांनी ओळखपत्र मात्र जवळ ठेवावे.

पण आमची जीप थांबवली. समोर पाटी होती, 'भन्सार'. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात, म्हणून मी पाटी घडाघडा वाचली, पण अर्थ काही कळेना. काका म्हणाले, "भन्सार म्हणजे जकात. गाडीला परवाना इथे काढायचा."

पुढे गेल्यावर काकांनी घड्याळ १५ मिनिटे पुढे केले. याचे कारण गुरुजींनी मला नंतर पृथ्वीगोलावर दाखवले. आपली वेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून धरतात, नेपाळची सव्वाशहाऐंशी अंशावरून. फरक पावणेचार अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. पावणेचार चोक पंधरा! पैसेही वेगळे. आपल्या १०० रुपयांचे तिथे १६० रुपये होतात. वर्षही वेगळे. तिथे विक्रम संवत चालतो.

पहिल्यांदा लुंबिनी पाहिली. गौतम बुद्धांचा जन्म इथे झाला. इथे सम्राट अशोकाचा दगडी स्तंभ आहे. त्यावर ब्राह्मी लिपीत कोरले आहे की बुद्ध इथे जन्मले, म्हणून या गावाचा कर कमी केला. हा लेख २२०० वर्षांहून जुना आहे.

बुटवलनंतर घाट सुरू झाला. वळणे इतकी, की मला दोनदा उलटी झाली. पोखराला फेवा तलाव आहे. पहाटे ढग हटले आणि माच्छापुच्छ्रे शिखर दिसले. माच्छापुच्छ्रे म्हणजे माशाची शेपटी. उंची ६,९९३ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे चार कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी हे शिखर उंचच!

पोखराहून काठमांडू सुमारे २०० किलोमीटर. वाटेत मुगलिंगला जेवायला थांबलो. पुढे रस्ता त्रिशूली नदीच्या काठाने जातो. हॉटेलवाल्या मामांनी आमचे बोलणे ऐकले आणि एकदम मराठीत विचारले, "भाकरी पाहिजे का?" आम्ही बघतच राहिलो. ते नऊ वर्षे पुण्याला हॉटेलात स्वयंपाकी होते. भाकरी तिथे नव्हतीच, मामा गंमत करत होते. मग म्हणाले, "तेव्हा माझी मुलगी लहान होती. वर्षातून एकदाच भेटायची." काका काही बोलले नाहीत. काकांचा बाळूसुद्धा गावी आजीजवळच राहतो. निघताना मामांनी चहाचे पैसे घेतले नाहीत.

काठमांडूत बागमती नदीकाठचे पशुपतिनाथाचे मंदिर आणि टेकडीवरचा स्वयंभू स्तूप पाहिला. धरहरा हा उंच मनोरा २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात पडला होता. तो पुन्हा बांधला आहे.

घरी आल्यावर आजीला सगळे सांगितले. मामांची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "त्यो बी पोटासाठीच परमुलखात ऱ्हायला की. आपल्यावानीच." मग तिने बाळूला जवळ घेतले.

मित्रांनो, आता एक गणित सोडवा. आपल्या शाळेच्या घड्याळात ११ वाजले, तर काठमांडूत किती वाजले असतील? आणि तिथे ८० रुपयांची माळ घेतली, तर आपले किती रुपये लागतील?