एकदा बघून घेऊ

एचआयव्हीची चाचणी निगेटिव्ह आली की माणूस सुटला, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या बायकोशी दोन मिनिटं बोलावं. आमच्या कपाटात बागेच्या औषधांच्या बिलांखाली एक प्लास्टिकची फाइल आहे. तिच्यात सांगली, मिरज, कोल्हापूर असे वेगवेगळ्या लॅबचे कागद आहेत आणि सगळ्यांवर एकच शब्द छापलेला आहे, नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. पहिला कागद हातात आला तेव्हा मी देवाला नारळ फोडला. शेवटचा आला तेव्हा लॅबच्या जिन्यावर उभं राहून मनात पहिला विचार आला, माझ्या नावाची चिठ्ठी दुसऱ्याच्या बाटलीला लागली नसेल कशावरून?

मी तासगाव तालुक्यातला, द्राक्षबागायतदार. ऑक्टोबर छाटणीत कात्री अंगठ्याला लागणं हे दरवर्षीचंच. त्या वर्षीही लागली होती आणि खपली धरली होती. त्याच आठवड्यात पेठ नाक्याजवळ हायवेला एका मोटरसायकलवाल्या पोराला ट्रकनं उडवलं. आम्ही दोघातिघांनी त्याला उचलून गाडीत घातलं, दवाखान्यात पोचवलं. पोरगा वाचला. माझे हात मनगटापर्यंत रक्तानं भरले होते. बेसिनवर धूत होतो तर तिथला एक वॉर्डबॉय सहज बोलून गेला, "ग्लोव्हज घालायचे की हो. कुणाला काय असतंय, सांगता येतंय का?"

त्या पोराला एचआयव्ही आहे असं कुणीही म्हटलं नव्हतं. पुढं मला डॉक्टरांनी समजावलं की धडधाकट कातडीतून हा विषाणू आत जात नाही, खपली धरलेल्या ओरखड्यातून जाण्याची शक्यता नगण्य. अगदी एचआयव्ही असलेल्या माणसाला टोचलेली सुई दुसऱ्याला रुतली, तरी लागण होण्याचं प्रमाण हजारात दोन-तीन. आपल्या देशात प्रौढांमध्ये हे दुखणं असण्याचं प्रमाणच हजारी दोनच्या आसपास. या आकड्यांचा गुणाकार मी पाठ केला होता. स्प्रेयर चालवताना, जेवताना, अंथरुणात पडल्या पडल्या तो करत राहायचो. भीतीला गणित येत नाही हे तेव्हा कळलं नाही. उलट तो गुणाकारच माझा जप झाला होता आणि एखाद्या दिवशी करायचा राहिला तर जीव कासावीस व्हायचा.

मी वाढलो तो काळही ध्यानात घ्या. महाराष्ट्र तेव्हा देशातल्या सहा जास्त लागणीच्या राज्यांत मोजला जायचा, आणि त्यातही आमच्या सांगलीचं नाव घेतलं जायचं. एसटी स्टँडच्या भिंतींवर कवट्या रंगवलेल्या असत. गावातला एक ड्रायव्हर गेला तेव्हा त्याच्या मयताला खांदा द्यायला माणसं मिळेनात, हे मी शाळकरी वयात पाहिलंय. माझ्या भीतीत मरणापेक्षा तो खांदा जास्त होता, असं आता वाटतं.

त्या अपघातानंतरचं बरंचसं गाळतो, कारण ते कंटाळवाणं आहे. या दुखण्याचा मुख्य गुणधर्मच तो, तेच ते आणि तेच ते. मोबाइलचा टॉर्च लावून आरशात जीभ बघायची, पांढरी दिसते का. बोटांनी मानेतल्या, काखेतल्या गाठी चाचपायच्या. दिवसभर दाबून दाबून त्या जागा दुखायला लागल्या, मग दुखतात म्हणून खात्री पटली की सुजल्यात. काळजीनं झोप गेली, भूक गेली, वजन उतरलं, पोट बिघडलं, रात्री बनियन घामानं भिजायला लागलं. ही सगळी लक्षणं मी वाचलेल्या यादीत होती. भीतीच अंगावर पुरावे तयार करत होती आणि मी पंचनामा लिहीत होतो. म्हणून लक्षणांवरून एचआयव्ही आहे किंवा नाही हे कुणालाच ठरवता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. ते फक्त रक्त सांगतं.

आणि रक्तानं सांगितलं होतं. हल्ली मोठ्या लॅबमध्ये जी चौथ्या पिढीची चाचणी करतात ती विषाणूचं पी-24 हे प्रथिन आणि शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं, दोन्ही शोधते. धोक्याच्या प्रसंगानंतर 45 दिवसांनी ती निगेटिव्ह आली की त्या प्रसंगापुरता विषय संपला असं धरतात. सरकारी केंद्रात झटपट किटवर तपासणी करतात, तिला तीन महिन्यांची मुदत धरली की पुरे. ज्यांनी पेपची, म्हणजे धोक्यानंतर लागण टाळण्यासाठी द्यायची, औषधं घेतली आहेत त्यांनी मुदत कुठून मोजायची ते डॉक्टरांना विचारावं. पेपचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट ठसवून सांगतो. खरोखरच धोका झाला असेल, म्हणजे वापरलेली सुई टोचली, निरोध फाटला, जबरदस्ती झाली, तर वाचत बसू नका. तासाभरात जमलं तर उत्तम, पण 72 तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठून पेप मागा. 28 दिवसांचा कोर्स असतो. त्या वेळी घाई करणं शहाणपणाचं आहे. माझ्यासारख्यानं चौथ्या महिन्यात घाई करणं हा आजार.

माझी चाचणी मुदतीनंतर निगेटिव्ह आली तशी भीतीनं वाट बदलली. मग एचआयव्ही-2 आठवला. किट दोन्ही प्रकार पकडतं हे कळलं. मग कुणाकुणात प्रतिपिंडं उशिरा तयार होतात असं कुठंतरी वाचलं. मग चिठ्ठ्यांची अदलाबदल. एका लॅबवाल्याला मी फोन करून किटचा बॅच नंबर विचारला. तो बिचारा म्हणाला, "साहेब, तुम्ही औषधं विकता का?" हसू नका, त्या दिवशी मी रडलो होतो.

बागायतदारांना कळेल अशी गोष्ट सांगतो. डाऊनी या बुरशीच्या रोगाला भिऊन तेच ते बुरशीनाशक सारखं मारत राहिलं की बुरशीला त्याची सवय होते, मग दुप्पट मात्रेनंही भागत नाही. माझ्या प्रत्येक नव्या रिपोर्टचं तेच झालं. पहिल्यानं महिनाभर झोप दिली, पुढच्यानं आठवडा, नंतरच्यानं लॅबपासून मोटरसायकलपर्यंत.

घरातलं सांगायला हवं, कारण हे दुखणं एकट्याचं राहत नाही. मी माझा टॉवेल वेगळा केला. धाकटी ताटात हात घालायला आली की ताट ओढून घ्यायचो. लाळेतून, टॉवेलमधून, एका ताटात जेवल्यानं हे पसरत नाही हे मी शाळेच्या स्पर्धेत बक्षीस मिळवण्याइतकं पाठ म्हणू शकलो असतो. आईनं दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या. बायकोला मी रोज रात्री विचारायचो, "मला काही नाही ना?" ती सांगायची, "काही नाही हो." पाच मिनिटांनी परत. एका रात्री तिनं दिवा लावला, उठून बसली आणि शांतपणे विचारलं, "अहो, खरं सांगा. त्या पोराच्या आधी काही झालंय का? असलं तरी चालेल, पण सांगा." काही झालं नव्हतं. पण माझ्या सततच्या विचारण्यानं तिच्या मनात तो प्रश्न पेरला होता आणि 'नाही' म्हणताना माझाच आवाज मला खोटा वाटला. एवढं लागलेलं वाक्य मला दुसरं आठवत नाही.

ज्यांच्या बाबतीत खरंच काही घडलंय, एखादी रात्र, एखादं नातं, त्यांना हे आणखी जड जातं. पुढं डॉक्टरांकडून कळलं की अशा बऱ्याच जणांना विषाणूपेक्षा शिक्षेची वाट बघायची सवय लागलेली असते. निगेटिव्ह रिपोर्ट शिक्षा माफ करत नाही, म्हणून तो पटत नाही. त्याचं उत्तर लॅबमध्ये नसतं.

वळण दिलं ते सरकारी आयसीटीसीतल्या, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रातल्या, समुपदेशक ताईंनी. तिथं तपासणी फुकट असते, आधी आपली संमती घेतात, रिपोर्ट आपल्याच हातात देतात. 2017 च्या कायद्यानं ही गुप्तता पाळणं बंधनकारक आहे, त्यामुळे गावात कळेल म्हणून टाळू नका. ताईंनी रजिस्टरमध्ये माझं नाव पाहिलं, पेन खाली ठेवलं. "दादा, तुमचं आमच्याकडचं काम झालंय. आता रक्त काढणार नाही." मी म्हटलं, बरं, मंडळाच्या शिबिरात रक्तदान करतो, तिथं तपासतातच की. त्या पहिल्यांदा रागावल्या. रक्तपेढीत प्रत्येक पिशवी तपासतात हे खरं, पण स्वतःची तपासणी करून घ्यायला रक्तदान करणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. मग म्हणाल्या, "बाहेर बाकावर बसलेत ना ते काका, बारा वर्षं गोळ्या घेतायत. रोज एक गोळी. विषाणू मोजणीत सापडत नाही इतका खाली आहे, म्हणजे शरीरसंबंधातून त्यांच्यापासून कुणाला लागणही होत नाही. ते तुमच्यापेक्षा बरे झोपतात." काकांच्या हातात पेपर होता, शब्दकोडं सोडवत होते. मला लाज वाटली, कारण मी त्यांच्यापासून दोन हात लांब बसलो होतो.

ताईंनी सिव्हिल हॉस्पिटलच्या मनोविकार विभागाची चिठ्ठी दिली. तिथले डॉक्टर म्हणाले, हा आरोग्याच्या चिंतेचा आजार आहे, ओसीडीच्या, म्हणजे तेच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या, अंगानं जातो, आणि बरा होण्यासारखा आहे. गोळी सुरू केली. गुण यायला चार-सहा आठवडे लागतात हे आधी सांगितलं म्हणून टिकलो, नाहीतर दहाव्या दिवशी सोडली असती. बरं वाटल्यावर आपल्या मनानं बंद करायची नाही, हेही बजावलं.

खरं काम बोलण्याच्या उपचारात झालं. सीबीटी म्हणतात त्याला. मला वाटत होतं ते मला पटवून देतील की तुला एचआयव्ही नाही. त्यांनी ते एकदाही केलं नाही. "शंभर टक्के खात्री तुम्हाला कधीच मिळणार नाही. मलाही नाही, या शिपायालाही नाही. आम्ही तिच्याशिवाय जेवतो, तुम्ही जेवत नाही, एवढाच फरक." मग वहीत लिहायला लावलं, दिवसातून कितीदा गाठी चाचपल्या, कितीदा मोबाइलवर शोधलं. पहिल्या पानाचा आकडा बघून मीच चाट पडलो. मग थांबायचं शिकवलं. हात मानेकडे गेला की अर्धा तास थांबायचं, मग बघायचं असेल तर बघा. अर्ध्या तासात भीती चढते, चढते, आणि आपोआप उतरायला लागते. ती तपासल्याशिवायही उतरते, हे अंगावर अनुभवावं लागतं, सांगून कळत नाही. पुढं टॉवेल एक केला. धाकटीला मुद्दाम ताटात जेवायला बसवलं. तिनं माझी पुरणपोळी संपवली तेव्हा मी घामाघूम होतो.

बायकोलाही बोलावलं होतं. तिला सांगितलं, यांना 'काही नाही' म्हणू नका, ओरडूही नका. दोघांनी मिळून एक वाक्य ठरवलं. मी विचारलं की ती म्हणते, "याचं उत्तर देऊन झालंय. चहा टाकू?" सुरुवातीला मला तिचा संताप यायचा. आपल्या घरात असं कुणी असेल तर हे ध्यानात ठेवा. मायेनं दिलेला प्रत्येक दिलासा त्या माणसाला पुढच्या प्रश्नाकडे ढकलतो. आणि 'वेडा झालास का' म्हटलं की तो विचारायचं बंद करतो, पण तपासायचं नाही. तो चोरून तपासतो.

अजूनही भीती येते, विशेषतः ताप आला की. फाइल बायकोकडे आहे, मी मागत नाही. नवा, खरा धोका घडला तर नवी चाचणी, जुन्या प्रसंगासाठी पुन्हा नाही, हा नियम कागदावर लिहून सही केलीय. एचआयव्हीबद्दल नेमकं विचारायचं असेल तर 1097 हा नंबर आहे, एकदा विचारायला. मन सावरत नसेल तर 14416, टेली-मानस, मराठीतही बोलतात. जगून काय उपयोग असं मनात येत असेल तर उद्यावर ढकलू नका, घरातल्या एकाला आत्ता उठवा.

आणि सिव्हिलला जायची लाज वाटत असेल तर एवढं सांगतो. केसपेपरच्या खिडकीवर 'काय होतंय' एवढंच विचारतात. मागं रांगेत आमच्या गावचा माणूस उभा होता. मी 'झोप येत नाही' म्हणालो. तेवढं पुरतं, पुढचं आत गेल्यावर सांगायचं.