अदृश्य तार : बिनतारी कंट्रोलरची जोडणी आणि दोषशोध

‘यंत्र बिघडले’ हे निदान नव्हे, ती केवळ तक्रार होय. रोग्याला ताप आहे एवढे सांगून वैद्याचे काम संपत नाही. ताप कशाने आला हे त्याला शोधावे लागते. यंत्राच्या बाबतीत मात्र आपण तक्रारीपाशीच थांबतो आणि खिशाला भुर्दंड लावून घेतो. व्हिडिओ गेमचा बिनतारी कंट्रोलर हे याचे ठळक उदाहरण आहे. चांगल्या कंट्रोलरला काही हजार रुपये पडतात. तो चालेनासा झाला की विद्यार्थी नवा घ्यायला निघतो आणि जुना अडगळीत जातो. पुष्कळदा त्या जुन्या कंट्रोलरला काहीच झालेले नसते. दोष दुसरीकडेच असतो. तो नेमका कोठे आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

साखळीचे दुवे

बटण दाबल्यापासून पडद्यावरचा खेळाडू उडी मारेपर्यंत काय काय घडते ते आधी पाहू. बटणाखालचे विद्युत्‌मंडल पूर्ण होते. आतील चिप त्या दाबाचे आकड्यांत रूपांतर करते. लहानसा प्रक्षेपक ते आकडे रेडिओलहरींवर बसवून सोडतो. कन्सोल किंवा संगणक त्या लहरी पकडतो, आकड्यांचा अर्थ लावतो आणि खेळाच्या प्रोग्रॅमकडे देतो. शेवटी टीव्हीच्या पडद्यावर चित्र बदलते. या साखळीत दोष पाच ठिकाणी संभवतो : शक्ती, ओळख, वाट, भाषा आणि अवयव. कोणता दुवा निसटला हे कळले की अर्धे काम झाले.

हे दुवे निवडण्याची सर्वांत सोपी कसोटी म्हणजे साधी यूएसबी तार. कंट्रोलर तारेने जोडावा व तोच खेळ खेळून पाहावा. दोष नाहीसा झाला तर तो शक्तीत, हवेतल्या वाटेत किंवा ओळखीत आहे. दोष कायम राहिला तर तो कंट्रोलरच्या अवयवात किंवा संगणकाच्या समजुतीत आहे. अर्धी साखळी एका फटक्यात संशयातून सुटते.

या कसोटीत दोन गोष्टींची दक्षता घ्यावी. यूएसबी तारेत सामान्यतः चार धागे असतात. दोन विजेसाठी आणि दोन माहितीसाठी. काही स्वस्त तारांत माहितीचे धागे घातलेलेच नसतात. अशा तारेने बॅटरी भरते, पण कंट्रोलर जोडला जात नाही. दुसरे असे की, प्लेस्टेशन-४ व ५ यांवर तार लावली तरी माहिती ब्लूटूथनेच जात राहू शकते. सेटिंग्जमध्ये कंट्रोलरच्या संपर्काची पद्धत ‘यूएसबी’ अशी निवडल्यावरच तारेची कसोटी खरी ठरते.

शक्ती

बॅटरी क्षीण झाली की सर्वच लक्षणे विचित्र दिसू लागतात; जोडणी तुटते, कंपन मंदावते, दिवा लागून विझतो. म्हणून पहिला संशय बॅटरीवरच घ्यावा. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला दोन पेन्सिल सेल लागतात. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा असतो, तर पुन्हा भरता येणारा निकेलचा सेल १.२ व्होल्टचा. त्यामुळे भरलेला निकेलचा सेल घातला तरी पडद्यावर बॅटरी कमी दिसू शकते. तेवढ्यावरून सेल फेकू नयेत. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमध्ये लिथियम-आयन बॅटरी आतच बसविलेली असते. तो फार दिवस पडून असेल तर आधी निवांत भरू द्यावा आणि मगच पुढील परीक्षा घ्यावी.

ओळख

बिनतारी उपकरणांची गर्दी असलेल्या खोलीत कोणता संदेश कोणासाठी, हे कसे ठरते? प्रत्येक ब्लूटूथ उपकरणाला ४८ बिटांचा स्वतःचा पत्ता असतो. पहिल्या भेटीत दोन उपकरणे एकमेकांचे पत्ते नोंदवून घेतात व एक गुप्त किल्ली ठरवतात. यालाच ‘पेअरिंग’ म्हणतात. पुढे प्रत्येक वेळी ही जुनी ओळख पुरते.

येथे नेहमी होणारी गफलत अशी की, कंट्रोलर चालू करणे आणि नव्या ओळखीसाठी तयार करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. नुसते मधले बटण दाबले तर कंट्रोलर जुन्याच सोबत्याला हाका मारतो. तो सोबती दुसऱ्या खोलीत असेल तर दिवा काही वेळ लुकलुकतो आणि विझतो. नव्या ओळखीची रीत प्रत्येक कंपनीची निराळी आहे. डुअलशॉक-४ वर ‘शेअर’ आणि ‘पीएस’ ही बटणे, तर डुअलसेन्सवर ‘क्रिएट’ आणि ‘पीएस’ ही बटणे दिवा भराभर लुकलुकेपर्यंत एकत्र दाबून धरावीत. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर वरच्या कडेला पेअरिंगचे लहान बटण असते. ते सुमारे ३ सेकंद दाबून धरावे. प्लेस्टेशन कन्सोलशी ओळख करून देण्यासाठी तर माहितीची तार लावून ‘पीएस’ बटण दाबले की पुरते.

डुअलशॉक-४ एका वेळी एकच कन्सोल लक्षात ठेवतो. तो मित्राच्या कन्सोलला जोडून परत आणला की घरचा कन्सोल त्याला परका होतो. हा बिघाड नव्हे, विस्मरण होय. संगणकावर ओळख अर्धवट राहिली असेल तर ब्लूटूथच्या यादीतून कंट्रोलरचे नाव काढून टाकावे आणि आरंभापासून पेअरिंग करावे. तरीही प्रतिसाद नसेल तर प्लेस्टेशनच्या कंट्रोलरच्या पाठीवर एक बारीक छिद्र असते. कन्सोल बंद करून त्यात टाचणीसारखे टोक घालून आतले बटण सुमारे ५ सेकंद दाबावे. जुनी ओळख पुसली जाते आणि नवी करता येते.

जुना कंट्रोलर विकत घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. २०१३ च्या मूळ एक्सबॉक्स वन कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ नाही. ते २०१६ साली एक्सबॉक्स वन एस बरोबरच्या कंट्रोलरमध्ये आले. मधल्या एक्सबॉक्स बटणाभोवतीचे प्लॅस्टिक दर्शनी भागाशी अखंड असेल तर ब्लूटूथ आहे. ते वरच्या खांदा-बटणांच्या चकचकीत पट्टीला जोडलेले असेल तर नाही. जे उपकरणातच नाही ते संगणकावर तासन्‌तास शोधण्यात अर्थ नाही.

वाट

ब्लूटूथच्या लहरींची कंप्रता २४०० मेगाहर्ट्झच्या किंचित वर असते, म्हणजे सेकंदाला सुमारे २४० कोटी कंपने. लहरीची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर भरते. हाच पट्टा वाय-फाय वापरते, आणि मायक्रोवेव्ह भट्टीही सुमारे २४५० मेगाहर्ट्झवरच चालते. अशा गोंगाटात संदेश टिकावा म्हणून पारंपरिक ब्लूटूथ या पट्ट्याचे ७९ भाग पाडते आणि सेकंदाला १६०० वेळा भाग बदलत राहते. एक उडी गोंगाटात सापडली तरी पुढची निसटते. दोन्ही टोकांनी ठरलेल्या क्रमाने कंप्रता बदलत राहावे, ही कल्पना जुनी आहे. चित्रपट-अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ साली अमेरिकेत तिच्या एका योजनेचे पेटंट मिळाले होते. ती पाणतीराच्या बिनतारी नियंत्रणासाठी होती.

तरीही वाट अडते. धातू या लहरी परतवतो आणि पाण्याने भरलेले आपले शरीर त्या शोषून घेते. कन्सोल लोखंडी कपाटात असेल, किंवा संगणकाचा ग्राहक मागच्या बाजूस भिंतीकडे तोंड करून असेल, तर संदेश क्षीण होतो. यूएसबी-३ च्या तारा व हार्ड डिस्क चालू असताना याच पट्ट्यात गोंगाट करतात. म्हणून ब्लूटूथचा खडा त्यांच्या शेजारी न लावता लहान जोडतारेने पुढे आणावा. परीक्षा सोपी आहे. कन्सोलपासून १ मीटरवर बसून खेळावे. जवळ ठीक आणि दूर तुटक असेल तर दोष वाटेचा. मग वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेता आल्यास न्यावे व मधला अडसर हलवावा.

भाषा

कधी जोडणी झालेली दिसते, पण खेळ दाद देत नाही. किंवा एक बटण दाबावे तर दुसऱ्याचेच काम होते. येथे संदेश पोहोचला आहे, त्याचा अर्थ चुकला आहे. विंडोज संगणकावर कंट्रोलरच्या दोन बोली आहेत : जुनी डायरेक्टइनपुट आणि एक्सबॉक्स ३६० च्या काळात आलेली एक्सइनपुट. अलीकडचे पुष्कळ खेळ दुसरीच जाणतात. अनेक स्वस्त कंट्रोलरवर बोली बदलण्याची कळ असते, ती आधी पाहावी. प्लेस्टेशनचा कंट्रोलर संगणकावर वापरताना स्टीमसारखा प्रोग्रॅम मध्ये दुभाष्याचे काम करतो.

अवयव

आपण हात न लावता पडद्यावरचा खेळाडू एकाच बाजूला सरकत असेल तर त्याचा रेडिओशी संबंध नाही. बहुतेक स्टिकखाली विद्युत्‌रोध बदलणारी कार्बनची पट्टी असते. तिच्यावरून सरकता भाग घासत राहिला की पट्टी झिजते आणि मधली जागा चुकीची वाचली जाते. विंडोजमधील गेम कंट्रोलर तपासण्याच्या चौकटीत अधिकचे चिन्ह आपोआप सरकताना हे उघड दिसते. दोष थोडा असेल तर खेळाच्या सेटिंगमधील ‘डेड झोन’ वाढवून भागते. जास्त असेल तर स्टिकचा सुटा भाग बदलता येतो. एडविन हॉल याने १८७९ साली शोधलेल्या परिणामावर चालणाऱ्या स्टिकमध्ये चुंबक वापरतात. तेथे मापनासाठी काही घासत नसल्याने ही झीज टळते.

दाब आणि हालचाल यांत सारखाच उशीर जाणवत असेल तर टीव्हीही तपासावा. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. चित्र सुधारण्याच्या नादात टीव्ही अशी कित्येक चित्रे मागे पडू शकतो. टीव्हीचा ‘गेम मोड’ लावला की हा उशीर घटतो.

शोधाची शिस्त

वरील परीक्षा घेताना एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम वहीत टिपावा. सेल, तार, जागा आणि सेटिंग एकदम बदलले तर दोष जाईल, पण कशाने गेला हे कळणार नाही. आणि तो परत आला की आपण पुन्हा होतो तेथेच. प्रयोगशाळेत आपण हीच शिस्त शिकतो, पण ती प्रयोगवहीबरोबर तेथेच ठेवून येतो.

एवढे करूनही दोष उरला तर दुरुस्तीच्या दुकानी अवश्य जावे. मात्र ‘चालत नाही’ असे सांगू नये. ‘सेल नवे आहेत, चांगल्या तारेवरही आणि दुसऱ्या संगणकावरही डावी स्टिक उजवीकडे ओढते,’ असे सांगावे. मग स्टिकऐवजी सगळा कंट्रोलर बदलायला कोणी सांगितले, तर ‘का?’ असे विचारण्याचा अधिकार आपल्याजवळ असतो.