फाटे फुटणारी गोष्ट: एकच गेम दुसऱ्यांदा का खेळावा?



कथालेखनाच्या तासाला 'गोष्टीचा शेवट बदलून लिहा' हा प्रश्न आपण दरवर्षी सोडवतो. यंदा त्यावर मागच्या बाकावरून एक शंका आली. "सर, गेममध्ये चार-चार शेवट आधीच असतात. मग खरा कोणता?" वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तर काही पटकन सुचलं नाही. मी स्वतः गेम खेळणारा मास्तर आहे हे तुमच्यातल्या काहींना ठाऊक आहे, त्यामुळे तेव्हा गप्प बसलो ते जरा लागलंच. म्हणून आजचा हा पाठ.

आधी कोणत्या गेमबद्दल बोलतोय ते सांगतो. स्ट्रॅटेजी रोल-प्लेइंग गेम. म्हणजे पट चौकटींचा, थोडाफार बुद्धिबळासारखा. आधी तुम्ही चाल करायची, मग शत्रूने. पण बुद्धिबळातल्या प्याद्याला नाव नसतं. इथे प्रत्येक प्याद्याला नाव असतं, घर असतं, आई-बाप असतात, हट्ट आणि भीती असते. लढाईगणिक ते शिकतं, मोठं होतं. आणि काही गेममध्ये एकदा मेलं की परत येत नाही. असं प्यादं पुढे सरकवताना हात थांबतो, बरं का. डावपेच आणि गोष्ट यांची गाठ तिथे पडते.

आता अशा गेममध्ये कथेला फाटे फोडायचे म्हणजे काय काम असतं, ते गणितानेच बघू. समजा, गोष्टीत दहा ठिकाणी तुम्हाला दोनपैकी एक निवडायचं आहे, आणि प्रत्येक निवडीनंतर गोष्ट कायमची वेगळी होते. शेवट किती? दोनाचा दहावा घात, म्हणजे १०२४. आणि पहिल्या प्रसंगापासून शेवटांपर्यंतचे सगळे प्रसंग मोजले तर २०४७. एवढे प्रसंग लिहायचे, चितारायचे, त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करायचे, आणि खेळणारा एका खेपेला त्यातले फक्त अकरा बघणार! कुठलाही लेखक हात जोडेल.

म्हणून बहुतेक गेम एक युक्ती करतात. नदीला मधे बेट लागलं की प्रवाह दुभंगतो आणि पुढे पुन्हा एक होतो, तसे फाटे फुटतात आणि परत मिळतात. काही जण याला फसवणूक म्हणतात. मला तसं वाटत नाही. फाटे किती आहेत यावरून खेळाची किंमत ठरत नाही. 'रीप्ले व्हॅल्यू' हा शब्द जाहिरातींत फार स्वस्त झालाय, 'अनेक शेवट!' असं वेष्टनावर छापलं की झालं. माझी कसोटी वेगळी आहे. दुसऱ्यांदा खेळताना पहिल्या खेपेला जे घडलं त्याचा अर्थ बदलतो का? बदलत असेल तर दुसरी खेप म्हणजे नवं वाचन. नाही तर नुसती पाटी टाकणं.

या कसोटीला सगळ्यात उत्तम उतरणारा गेम तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे. 'टॅक्टिक्स ओगर', १९९५, जपान, सुपर फॅमिकॉम या यंत्रावर. कंपनी क्वेस्ट, दिग्दर्शक यासुमी मात्सुनो. (जाता जाता एक गंमत. मात्सुनो क्वीन या इंग्लिश बँडचे चाहते. 'ओगर बॅटल' हे मालिकेचं नाव आणि या गेमचं 'लेट अस क्लिंग टुगेदर' हे उपशीर्षक, दोन्ही क्वीनच्या गाण्यांवरून घेतलेली. आणि क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी शिकला कुठे? आपल्या पाचगणीला. असो.)

गोष्ट व्हॅलेरिया नावाच्या बेटांवरची. तिथे राजा मेलाय आणि वेगवेगळ्या जमातींत यादवी पेटली आहे. गालगास्तानी बहुसंख्य, वालिस्टर अल्पसंख्य आणि पिचलेले, बाक्रम सत्तेच्या जवळचे. त्या काळात युगोस्लाव्हियात युद्ध चालू होतं आणि त्याची छाया या कथेवर स्पष्ट आहे. नायक डेनम, त्याची बहीण काचुआ, मित्र व्हाइस, तिघेही वालिस्टर. ते आपल्या जमातीचा पुढारी ड्यूक रॉनवे याला कैदेतून सोडवतात. इथपर्यंत सगळं सरळ आहे. पोरं शूर, पुढारी कृतज्ञ.

मग पहिल्या अध्यायाच्या शेवटी ड्यूक त्यांना बालमामुसा नावाच्या गावी पाठवतो. गाव वालिस्टर लोकांचंच. त्यांनी गालगास्तानींविरुद्ध उठाव करावा म्हणून त्यांना तयार करायचं. गावकरी नाही म्हणतात, त्यांना आणखी रक्तपात नको असतो. आणि तेव्हा खरा हुकूम समोर येतो. गाव कापून काढा आणि आळ गालगास्तानींवर घाला, म्हणजे उरलेले वालिस्टर चिडून एक होतील.

पडद्यावर दोन पर्याय येतात. हुकूम मानायचा की नाकारायचा. इकडे आड, तिकडे विहीर.

इथे वही काढा आणि दोन गोष्टी टिपून ठेवा, कारण पुढे उपक्रमात लागणार आहेत. पहिली म्हणजे तुम्ही काहीही निवडा, कत्तल होतेच. नकार दिला म्हणून गाव वाचत नाही. उलट, नकार देणाऱ्या डेनमच्याच माथी त्या कत्तलीचं खापर फोडलं जातं आणि तो फरार होतो. होकार देणारा डेनम आपल्या लोकांत वीर ठरतो. म्हणजे निवडीने घटना बदलत नाही, त्या घटनेत तुम्ही कोण होतात एवढंच बदलतं.

दुसरी गोष्ट व्हाइसची, आणि ती मला जास्त हलवते. तुम्ही होकार दिलात तर तुमचा बालमित्र संतापतो. असलं पाप मला जमणार नाही म्हणत तो तुमच्याविरुद्ध उभा राहतो. पण तुम्ही नकार दिलात, तर तोच व्हाइस ड्यूकच्या बाजूने जातो. तुमची निवड काहीही असो, त्याची उलटी!

पहिल्यांदा मी नकाराचा रस्ता धरला होता. व्हाइस ड्यूकच्या बाजूला गेला तेव्हा मनात म्हटलं, हा पहिल्यापासून असाच होता, जळका. त्याचे आधीचे संवादही आठवले आणि ते सगळे जुळत गेले. मग पुढे कधीतरी दुसऱ्या रस्त्याने खेळलो. आधीचा अख्खा अध्याय तोच, संवाद तेच, शब्दही तेच. आणि त्याच शब्दांतून निघालेला हा पोरगा आता माझ्यासमोर ताठ उभा राहून मला खुनी म्हणत होता. मी त्याच्या स्वभावाबद्दल इतक्या खात्रीने जे ठरवलं होतं ते त्याच्याबद्दल नव्हतंच, तो माझ्या कुठल्या बाजूला उभा होता त्याबद्दल होतं. हे एकदाच खेळून कळलं नसतं. एका शेवटाच्या कादंबरीत हे दाखवायचं तर लेखकाला निवेदकाकडून सांगावं लागेल. इथे कोणी सांगत नाही, तुम्हीच खोटे पडता.

आता जवळच्या काळात येऊ. 'फायर एम्ब्लेम: थ्री हाऊसेस', जुलै २०१९, निन्टेंडो स्विच. या गेमचा नायक (किंवा नायिका, तेही तुम्ही निवडता) चक्क शिक्षक आहे. गॅरेग मॅक नावाच्या मठात सैनिकी शाळा, तिथे तीन देशांतून आलेल्या मुलांची तीन घरं: ब्लॅक ईगल्स, ब्लू लायन्स आणि गोल्डन डिअर. प्रत्येक घरात आठ विद्यार्थी. खेळ सुरू होऊन फार वेळ झालेला नसतानाच तुम्हाला विचारतात, कोणतं घर शिकवणार? बहुतेक सोळा-सतरा-अठराची पोरं, कुणी खट्याळ, कुणी घाबरट. कुणाचं सामान हरवलंय ते शोधून द्या, कुणाला चहाला बोलवा, कुणाला भाला शिकवा. निवड अगदी निरुपद्रवी वाटते. आपण पुस्तकाचं मुखपृष्ठ बघून निवडतो तशी मी केली.

(ज्यांना हा गेम स्वतः खेळायचा आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या.)

मग युद्ध होतं. गोष्ट पाच वर्षं पुढे जाते आणि ज्या दोन घरांना तुम्ही शिकवलं नाही, ती मुलं समोरच्या सैन्यात उभी असतात. शाळेत असताना दुसऱ्या घरातल्या मुलांना आपल्याकडे ओढता येतं, त्यांच्याशी मैत्री वाढवून किंवा त्यांना आवडणारं कौशल्य स्वतः कमावून. सगळ्यांना मात्र नाही. तिन्ही घरांचे नायक कधीच येत नाहीत. ग्राँडर नावाच्या मैदानावर शाळेच्या दिवसांत तिन्ही घरांची खोटी लढाई होते, हरलेला मागे फिरतो आणि संध्याकाळी सगळे जिवंत असतात. पाच वर्षांनी दोन रस्त्यांवर त्याच मैदानात खरी लढाई होते. बर्नाडेटा नावाची एक मुलगी आहे, खोलीबाहेर यायलाही घाबरणारी. तिला तुम्ही आपल्याकडे घेतलं नसेल, तर ती त्या मैदानाच्या मधल्या टेकडीवर शत्रूच्या बाजूने उभी दिसते, आणि तिच्याच बाजूचे लोक ती टेकडी पेटवून देतात. मास्तरकी करणाऱ्या माणसाला हे जरा जास्तच झोंबतं. चोवीस मुलं होती, मी आठांचा झालो.

दुसऱ्या खेपेला आणखी एक होतं. पूर्वार्धात फ्लेम एम्परर नावाचा मुखवटा घातलेला शत्रू आहे. तो कोण हे पहिल्यांदा धक्का म्हणून कळतं: ब्लॅक ईगल्सची नायिका एडेलगार्ड. कळल्यावर परत पहिल्या अध्यायापासून तिचं बोलणं ऐका. वर्गात ती गुरुजींशी किती जपून बोलत होती, कुठे जवळजवळ सांगून टाकणार होती आणि थांबली, हे सगळं तिथेच होतं. आणि तिच्या बाजूने शेवटपर्यंत जाण्याचा रस्ता तर सहज सापडतच नाही. ठरावीक महिन्यात तिच्याशी जाऊन बोलावं लागतं, मग तिची साथ निवडावी लागते. म्हणून घरं तीन आणि रस्ते चार.

गेम निर्दोष नाही, हेही सांगायला हवं. पूर्वार्धाचे जवळपास बारा अध्याय प्रत्येक खेपेला बहुतांश तेच. चारपैकी दोन रस्त्यांच्या उत्तरार्धातल्या लढाया इतक्या सारख्या आहेत की कंटाळा येतो. आणि एडेलगार्डचा रस्ता सगळ्यात आखूड, १८ अध्यायांत संपतो, बाकीचे २१-२२ पर्यंत जातात. दुसऱ्या खेपेसाठी काही सवलती आहेत, पहिल्यांदा कमावलेलं थोडंफार परत मिळवता येतं. तरीही तिसऱ्या खेपेला मी संवाद भराभर पुढे ढकलत होतो, खोटं कशाला बोलू.

याच मालिकेतल्या 'फेट्स' या आधीच्या गेमने (जपानमध्ये २०१५) तर निवड दुकानातच नेली होती. जन्मदाते घर की वाढवणारं घर, या दोन बाजूंच्या दोन वेगळ्या आवृत्त्या विकल्या, तिसरा रस्ता नंतर वेगळा. प्रश्न फार सुंदर होता. पण पैसे मोजतानाच उत्तर दिलं, तर खेळताना काळीज कशाला धडधडेल?

२०२२ चा 'ट्रँगल स्ट्रॅटेजी' वेगळ्या वाटेने जातो. तिथे मोठे निर्णय नायक सेरेनोआ एकटा घेत नाही. साथीदार तराजूत नाणं टाकून मत देतात, तुम्ही आधी त्यांची समजूत घालू शकता, पण मतदान तुमच्या विरुद्धही जाऊ शकतं. तुमच्या उत्तरांवरून गेम तुमच्या वृत्तीचे गुण मांडत असतो, आणि पहिल्या खेपेला ते गुण लपवून ठेवतो. दुसऱ्यांदा खेळताना दिसतात. बरोबर केलंय. आधी माणसासारखं बोला, हिशोब नंतर बघा.

राहिला एक वाद. 'टॅक्टिक्स ओगर'ची २०१० साली नवी आवृत्ती आली, तीत दोन सोयी होत्या. लढाईत पन्नास चालींपर्यंत मागे जाता येतं. आणि गेम एकदा पूर्ण केला की गोष्टीतल्या महत्त्वाच्या वळणांवर परत उडी मारून दुसरा रस्ता बघता येतो, आपलं सैन्य बरोबर घेऊन. माझा एक मित्र म्हणतो, यामुळे निवडीची किंमतच गेली. मला अर्धंच पटतं. शेवट गाठण्याआधी ती उडी मिळत नाही, म्हणजे एका निवडीबरोबर तुम्हाला शेवटपर्यंत राहावंच लागतं. त्यानंतर पुन्हा पन्नास तास राबायची सक्ती केल्याने व्हाइस अधिक कळेल असं नाही. लढाईत मागे जाण्याबद्दल मात्र मित्राचंच खरं. मेलेलं प्यादं दरवेळी उठवता येत असेल, तर हात थांबत नाही.

आणि "खरा शेवट कोणता?" या शंकेचं उत्तर. टॅक्टिक्स ओगरमध्ये व्हाइस एकाच वेळी ड्यूकचा माणूसही आहे आणि ड्यूकविरुद्ध उभा राहिलेला माणूसही. मात्सुनोंनी दोन्ही लिहिले, आणि दोन्हींच्या मागचा अध्याय एकच ठेवला. त्यांनी लिहिलेली गोष्ट ती दोन्ही मिळून आहे.

आता उपक्रम. सहा प्रसंगांची गोष्ट लिहा, प्रत्येकाला एक पान. पहिले दोन प्रसंग सामाईक, मग एक निवड, मग दोन्ही फाट्यांना दोन-दोन प्रसंग. अटी दोनच. निवडीमुळे मुख्य घटना टळता कामा नये. आणि एक पात्र असं हवं की ते दोन फाट्यांवर उलटं वागेल, पण सामाईक प्रसंगातलं त्याचं एकही वाक्य तुम्ही बदलायचं नाही. दुसरी अट अवघड आहे, तिथेच सगळे अडकतील. राजे-महाराजे नकोत. शाळेची सहल, सोसायटीची निवडणूक, शेताचा बांध, असलं काहीही चालेल. लिहून झालं की पानं शेजारच्याला द्या आणि त्याला एकच फाटा वाचू द्या. त्या पात्राबद्दल त्याचं मत काय झालं ते एका ओळीत लिहून घ्या, मगच दुसरा फाटा दाखवा. दोन्ही ओळी वहीत चिकटवून शुक्रवारी आणा.