चावीचा फोटो म्हणजे चावीच

रामनवमीच्या यात्रेत माझा फोन गेला. जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, त्यांचा जन्मही रामनवमीचाच, १६०८ सालचा. त्या दिवशी इथे पाय ठेवायला जागा नसते. खिसा कधी हलका झाला ते कळलंच नाही. फोनचं दुःख दोन दिवसांचं. पण रात्री जेवताना आठवलं आणि घास घशातच अडकला: त्या फोनमध्ये गावातल्या चौदा घरांच्या चाव्यांचे फोटो होते, नावांसकट.

मी चाव्या करणारा; फोटोंची ही सवय मी मोठ्या हुशारीने लावून घेतली होती. चावी हरवली की माणूस परत माझ्याकडेच येणार, मग दरवेळी कुलूप खोलून लिव्हर कशाला मोजायचे? ब्लँकवर दात पाडून झाले की चावी पट्टीशेजारी ठेवायची, फोटो काढायचा आणि त्यावर ‘अमक्यांचं मोठं दार’ असं लिहून टाकायचं. त्यात कानशीने बोटांच्या रेषा झिजलेल्या, हात तेलकट; फोन बोट ओळखेना म्हणून स्क्रीनलॉकही काढून टाकलेलं. गावाची कुलपं सांभाळणाऱ्याच्या फोनला कुलूप नव्हतं.

फोटोवरून चावी थोडीच होते, असं माझा मेहुणा म्हणाला. होते. अमेरिकेत सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ सालीच दाखवून दिलं: सुमारे १९५ फुटांवरच्या गच्चीवरून टेबलावरच्या चाव्यांचा फोटो काढला आणि संगणकाने दातांची खोली मोजून दिली. माझ्या फोटोत तर शेजारी पट्टीच होती.

आमच्या गावाला हे सांगणं सोपं नव्हतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये इथल्या राममंदिरातून मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हापासून चोरीचा विषय निघाला की माणसं गप्प होतात. तरी सकाळी उठून चौदाही दारं गाठली. कुणी घरात घेतलं, कुणी ओट्यावरूनच बोललं. एका आजीने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, “आधी च्या घे, मंग कुलूप खोल.” जिथे चांगली लिव्हरची कुलपं होती तिथे लिव्हरांचा क्रम बदलून नवी चावी पाडली, जुनी चावी तिथे निकामी. हलकी कुलपं मात्र पदरच्या पैशाने बदलली. पोलिसांत तक्रार दिली, त्याच नंबरचं सिम काढलं आणि संचार साथीवरून फोन बंद पाडला. एवढ्याने हँडसेट नेटवर्कवर चालत नाही, पण आतले फोटो तसेच राहतात. ते पुसायला गूगलची हरवलेला फोन शोधायची सोय आधीपासून चालू लागते. मी ती कधी बघितलीही नव्हती.

आता नवा फोन आहे आणि धंद्यात तो कानशीइतकाच लागतो. कॅमेरा वापरतो, पण कुलूप खोलताना: एकेक लिव्हर काढायचा, एकेक फोटो, म्हणजे बसवताना क्रम चुकत नाही. काम झालं की गिऱ्हाइकासमोर पुसायचं. कपाटाच्या कुलपावरचा बारीक नंबर चाळिशी लावूनही दिसत नाही, तिथे भिंगाचं ॲप उपयोगी पडतं.

मोटारसायकलची चावी करताना मात्र उलटा नियम. तिथे फोटोवर विश्वास ठेवायचाच नाही. एकाने आरसीचा स्क्रीनशॉट दाखवला, मी अर्ध्या तासात चावी करून दिली. गाडी त्याची नव्हती. पुढचे तीन दिवस चौकीच्या बाकावर गेले. आता गिऱ्हाइकालाच त्याच्या फोनवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन उघडायला लावतो आणि आरसीवरचा चेसिस नंबर हँडलखालच्या नळीवर कोरलेल्या नंबराशी आकडा आकडा जुळवतो. नाव, तारीख, गाडीचा नंबर वहीत लिहून सही घेतो. राग आला तर येऊ द्या.

पैशाचंही तेच. ‘पाठवले बघा’ म्हणून दाखवलेला स्क्रीन म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या खात्यात आकडा दिसला तरच चावी हातात द्यायची. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. कुणी ‘पैसे टाकतो, आधी हे ॲप घ्या’ म्हणून स्क्रीन बघायचं ॲप टाकायला लावलं तर सरळ फोन ठेवा. फसलातच तर लगेच १९३० वर फोन करा, घरच्यांपासून लपवत बसू नका.

माझ्या धंद्यातले कुणी हे वाचत असाल तर आत्ताच गॅलरी उघडा आणि चाव्यांचे फोटो पुसा. पुसलेले फोटो ट्रॅशमध्ये बरेच दिवस पडून राहतात; तिथूनही काढा.