लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलतांना

जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधील तबकडी मिनिटाला बहुधा ५४०० फेरे घेते. ती खडखडूं लागली, कीं अगत्याचें लेखन आधीं अन्यत्र उतरवून घ्यावें. मग २.५ इंची नवी सॅटा डिस्क यूएसबी जोडणीनें बाहेरून लावावी. नुसत्या फायली उतरवून यंत्र सुरू होत नाहीं. आरंभाची व्यवस्था निराळ्या, बहुधा अदृश्य विभागांत असते. यास्तव संपूर्ण डिस्कचें क्लोनिंग करावें. येथेंच सांभाळावें! जुनी कोणती व नवी कोणती ह्यांत उलटापालट झाल्यास कोरी डिस्कच जुनीवर उमटते, आणि कित्येक वर्षांचें लेखन नाहींसें होतें. म्हणून नांव व आकार दोनदां वाचावे. पुढें बॅटरी सोडवून अदलाबदल करणें सोपें. स्क्रू तेवढे हरवूं नयेत. यंत्र सुरू झालें तरी चार-दोन निबंध उघडून पाहावे, व जुनी डिस्क महिनाभर न पुसतां ठेवावी.