चिंता, शरीरातील दाह आणि पूरक आहाराच्या गोळ्या : एक अभ्यास

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आपली मुले-मुली अलीकडे आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात. छातीत धडधडते, रात्री झोप लागत नाही, वाचलेले लक्षात राहत नाही. हे सारे शरीरातील दाहामुळे होते, अमुक कॅप्सूल सुरू करा, असे कोणीतरी मोबाईलवर सांगितलेले असते. तेव्हा ती घ्यावी काय? अशा दोन-तीन बाटल्या घेतल्या की खानावळीच्या महिन्याच्या पैशांना कात्री लागते. गावाकडून आई-वडील कोणत्या कष्टाने पैसे पाठवितात हे सभासदांस सांगावयास नको. म्हणून या विषयाची शास्त्रीय बाजू आपल्या वाचकांपुढे ठेवावी, असे आम्ही ठरविले.

दाह म्हणजे काय?

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. ही चार लक्षणे इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने नोंदवून ठेवलेली आहेत. जंतूंशी लढण्यासाठी व जखम भरून काढण्यासाठी शरीराने केलेली ही तजवीज होय. काम संपले की शरीर ती आवरती घेते. परंतु काही माणसांत हा दाह मंद आचेवर महिनोन्महिने चालू राहतो. बाहेरून सूज नाही, ताप नाही. रक्तात मात्र इंटरल्यूकिन-६ सारखी निरोप्याचे काम करणारी प्रथिने आणि यकृतात तयार होणारे सीआरपी नावाचे प्रथिन वाढलेले आढळते.

या निरोप्यांचा मेंदूशी संबंध कसा येतो? फ्लूच्या तापात माणसाला कोणाशी बोलावेसे वाटत नाही, जेवण नको वाटते, मन खिन्न होते, हा अनुभव सर्वांचाच आहे. दाहाचे निरोप रक्तातून आणि पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून वर पोहोचतात. शिवाय ज्या ट्रिप्टोफॅनपासून मेंदू सिरोटोनिन बनवितो, ते दाहाच्या काळात दुसऱ्याच वाटेने खर्च होऊ लागते. हिपॅटायटिस-सी या यकृताच्या रोगावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने देत असत. हे औषध प्रतिकारशक्तीला चेतविणारे होते. ते घेणाऱ्या अनेक रुग्णांना, आधी मनाचा कोणताही आजार नसताना, नैराश्य व बेचैनी जडली. दाह मनापर्यंत पोहोचतो याचा हा फार महत्त्वाचा पुरावा मानला जातो.

मात्र गाडी उलट दिशेनेही धावते. सततचा ताण आणि अपुरी झोप यांनीही दाह वाढतो. त्यामुळे एखाद्या विद्यार्थ्याची चिंता दाहामुळे आहे की दाह चिंतेमुळे आहे, हे एका रक्ततपासणीवरून ठरत नाही. आणि पुष्कळ चिंताग्रस्त माणसांच्या रक्तात दाहाचे नावही नसते.

या शेवटच्या मुद्द्यापाशी थोडे थांबावयास हवे, कारण जाहिराती नेमका हाच मुद्दा गाळतात. अमेरिकेतील एमरी विद्यापीठात नैराश्याच्या ६० रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. या रुग्णांना नेहमीच्या औषधांनी गुण येत नव्हता. निम्म्यांना इन्फ्लिक्सिमॅब हे दाहावरचे जबरदस्त औषध दिले, निम्म्यांना औषध नसलेले सलाईन. सर्वांचा एकत्र हिशेब केला तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पण ज्यांचे सीआरपी सुरुवातीसच लिटरला ५ मिलिग्रॅमहून अधिक होते, त्यांच्यात सुधारणेकडे कल दिसला. ज्यांचे कमी होते त्यांना तर साध्या सलाईननेच जास्त बरे वाटले. प्रयोग नैराश्याचा होता, चिंतेचा नव्हे, आणि लहान होता. तरीही त्यातून घेण्यासारखे आहे ते असे की, दाह शमविणाऱ्या उपायाचा लाभ ज्याच्या शरीरात दाह आहे त्यालाच होण्याचा संभव. सरसकट सर्वांना एकच बाटली सांगणारा मनुष्य या पहिल्याच पायरीवर चुकतो.

माशाचे तेल : पुरावा आणि लेबलचे गणित

दाह आणि चिंता या दोहोंचा एकत्र विचार करून ज्या पूरक आहाराची बरी तपासणी झाली आहे, तो म्हणजे माशाच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ले. त्यांतील दोन मुख्य प्रकारांस ईपीए आणि डीएचए म्हणतात. विद्यार्थ्यांना जवळचा वाटेल असा प्रयोग ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि २०११ साली प्रसिद्ध केला. वैद्यकीय शाखेचे ६८ विद्यार्थी, १२ आठवडे, काहींना रोज सुमारे अडीच ग्रॅम ओमेगा-३, इतरांना तशाच दिसणाऱ्या साध्या तेलाच्या कॅप्सूल. ओमेगा-३ घेणाऱ्यांत चिंतेची लक्षणे दुसऱ्या गटाच्या तुलनेत २० टक्क्यांनी कमी भरली. त्यांच्या रक्तपेशींना प्रयोगशाळेत डिवचले असता इंटरल्यूकिन-६ ची निर्मितीही १४ टक्क्यांनी कमी आढळली. नैराश्याच्या लक्षणांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. ही सर्व तरुण व निरोगी मुले होती, चिंताविकाराचे रुग्ण नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पुढे २०१८ साली १९ प्रयोगांचा आणि २२४० लोकांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ओमेगा-३ मुळे चिंता काहीशी कमी होते असे दिसले, पण दिवसाला २००० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा असेल तरच. त्याखालच्या मात्रेत खात्रीलायक गुण आढळला नाही.

आता विद्यार्थ्यांनी बाटली हातात घेऊन थोडे गणित करावे. दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत ‘१००० मिलिग्रॅम’ असते. ते माशाच्या तेलाचे वजन होय. मागच्या बाजूस बारीक अक्षरांत पाहिले तर साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा १८० मिलिग्रॅम ईपीए आणि १२० मिलिग्रॅम डीएचए, म्हणजे कामाचा भाग ३०० मिलिग्रॅमच असतो. ओहायोच्या मुलांनी घेतलेली मात्रा गाठावयाची तर अशा आठ कॅप्सूल रोज गिळाव्या लागतील. रोज एक कॅप्सूल घेऊन ‘फरक पडत नाही’ म्हणणारा आणि ‘फरक पडला’ म्हणणारा, दोघेही त्या प्रयोगाविषयी बोलत नसतात. उलट मात्रा मनाने वाढविणेही धोक्याचे आहे. अधिक मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा संभव वाढतो, हे मोठ्या प्रयोगांत दिसले आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांस विचारल्यावाचून ते घेऊच नये.

गोळीऐवजी ताटाकडे पाहिले तर बांगडा आणि तारली हे तेलकट मासे या दृष्टीने उत्तम, आणि महागड्या पापलेटपेक्षा पुष्कळ स्वस्त. सुकट व सुके बोंबील आपल्या घरांत आवडीने खाल्ले जातात. प्रथिनांसाठी ते चांगलेच, पण त्यांत तेल कमी. विदर्भातील जवसाची चटणीही गुणाची आहे. मात्र जवसातील ओमेगा-३ निराळ्या प्रकारचे असून शरीर त्याचा अगदी थोडा भाग ईपीएमध्ये बदलू शकते. जे मासे खात नाहीत त्यांच्यासाठी शेवाळापासून काढलेले तेल मिळते. मासेही मुळात ते तेथूनच मिळवितात!

हळद, अश्वगंधा आणि जीवनसत्त्वे

हळदीतील कर्क्युमिन दाह कमी करते, हे प्रयोगशाळेत दिसते. पण हळदीच्या वजनात कर्क्युमिन साधारण ३ टक्के, आणि तेही पोटातून रक्तात फारसे शिरत नाही. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी १९९८ साली दाखविले की, २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर काळ्या मिरीतील पायपेरिन २० मिलिग्रॅम दिले असता ते रक्तात सुमारे वीसपट अधिक मिळते. तेव्हापासून कॅप्सूलवाल्यांनी मिरीचा अर्क घालण्यास सुरुवात केली. पण मिरीचा अर्क इतर औषधांचेही रक्तातील प्रमाण वाढवू शकतो, आणि अशा तीव्र कर्क्युमिनमुळे यकृतास इजा झाल्याची प्रकरणे निरनिराळ्या देशांत नोंदली गेली आहेत. चिंतेवरचे कर्क्युमिनचे प्रयोग लहान आहेत. भाजीतील हळदीबद्दल हा इशारा नाही. ती खुशाल खावी.

अश्वगंधेचा हैदराबाद येथे ६४ प्रौढांवर झालेला व २०१२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वारंवार सांगितला जातो. ६० दिवसांत ताण कमी झाला, हे खरे. परंतु यकृताचा किंवा थायरॉइडचा विकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती टाळावी.

ड-जीवनसत्त्वाविषयी अपेक्षा फार होत्या. अमेरिकेत १८,००० हून अधिक प्रौढांना पाच वर्षांहून अधिक काळ ते अथवा खोटी गोळी दिली. नैराश्य टाळण्यात काही फरक पडला नाही, असे २०२० साली जाहीर झाले. ज्याच्यात ते खरोखर कमी आहे त्याने हाडांसाठी जरूर घ्यावे. पण ६०,००० एककांची आठवड्याची पुडी कोणी रोज घेऊ लागला, तर रक्तातील कॅल्शियम घातक पातळीपर्यंत चढू शकते.

ब-१२ आणि लोह यांची गोष्ट वेगळी आहे, आणि आपल्या घरांसाठी ती अधिक महत्त्वाची. पुण्याजवळील खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी केलेल्या मातांच्या अभ्यासात बहुसंख्य गरोदर स्त्रियांत ब-१२ कमी आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होते. रक्त कमी असले की धाप लागते, छाती धडधडते, हातपाय गळतात. ही लक्षणे चिंतेच्या लक्षणांशी इतकी मिळतीजुळती असतात की, वसतिगृहातील मुलीला ‘तू फार विचार करतेस’ म्हणून गप्प बसविले जाते. तिला महागड्या कॅप्सूलऐवजी हिमोग्लोबिनची तपासणी हवी असते. एक बारकावा सांगून ठेवतो. शरीरात दाह असेल तर लोहाचा साठा दाखविणारे फेरिटिन मुळात कमी असूनही पुरेसे दिसू शकते. म्हणून तो आकडा एकटा न पाहता सीआरपीसह डॉक्टरांना दाखवावा.

दाह येतो कोठून?

गोळीने दाह शमविण्याआधी तो कोठे पेटला आहे, हे पाहणे शहाणपणाचे. तंबाखू आणि मिश्री, किडलेल्या हिरड्या, पोटाभोवतीची चरबी, रात्र-रात्र जागरण, अंगात मुरलेला जंतुसंसर्ग, संधिवात, ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. मिश्रीचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो, कारण घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया तिला व्यसन समजतच नाहीत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप आणि घटणारे वजन असेल तर क्षयाची तपासणी प्रथम करावी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे दोन्ही विनामूल्य आहेत. अशा माणसाने माशाच्या तेलावर तीन महिने काढले, तर त्याचे आणि घरातल्या लहान मुलांचे काय होईल याची कल्पना करवत नाही.

आंबविलेल्या पदार्थांविषयीही थोडे आशादायक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ जणांवर झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा आठवडे दह्यासारखे आंबविलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या रक्तातील इंटरल्यूकिन-६ सह १९ दाहकारक प्रथिने घटली. त्यांच्या चिंतेवर खात्रीचा परिणाम मात्र सिद्ध झाला नाही. आपल्याकडे दही आणि ताक घरचेच आहे. इडली किंवा शिजविलेली आंबील पौष्टिक असली तरी उष्णतेने त्यांतील जिवाणू मरतात.

बाटली घेण्यापूर्वी

आपल्या देशात अशा पूरक आहाराच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना इंग्रजीत छापणे २०१६ च्या नियमांनुसार आवश्यक आहे. ती शोधून वाचावी. जो माल स्वतःला औषध म्हणवीत नाही, त्याच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली चिंतेची किंवा नैराश्याची गोळी बंद करू नये. ध्यानशिबिरास जातानाही ती परस्पर थांबवू नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो. चिंताविकारावर समुपदेशनाच्या शास्त्रीय पद्धती आणि औषधे यांचा पुरावा वरील सर्व कॅप्सूलपेक्षा कितीतरी भक्कम आहे.

डॉक्टरांच्या संमतीने कोणी ओमेगा-३ घेऊन पाहणार असेल तर एका वेळी एकच गोष्ट सुरू करावी, १२ आठवड्यांची मुदत ठरवावी आणि आरंभापासून वहीत नोंद ठेवावी. त्यासाठी जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची सोपी मोजपट्टी आहे, मराठीतही मिळते. गुण ० ते २१ असतात. दर रविवारी ती भरावी. बारा आठवड्यांनी गुण हलले नसतील तर बाटली बंद करून ते पैसे मासळी, अंडी, डाळी यांकडे वळवावेत. गुण १० किंवा त्याहून अधिक असतील तर बारा आठवडे वाट पाहू नये. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे. तेथे जाणे जमत नसेल, किंवा मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर त्याच क्षणी १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करावा. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तेथे मराठीत बोलता येते.